पानिपतला फॉरवर्ड बघायला

बबनदादांचा फोन आला तेव्हा मी गुडगावातल्या एका नव्या टॉवरच्या लिफ्टच्या शाफ्टमध्ये होतो. कमरेला बेल्ट, हातात पाना, खाली अंधार. दोन मिनिटांनी करतो म्हटलं तर दादा म्हणाले, "लेका, लिफ्ट काय पळून चाललीया? ऐक. तिकडं पानिपतला कोणतर सोनू नावाचा पोरगा हाय म्हणं. फॉरवर्ड. शनिवारी मॅच हाय त्याची. बघून ये."

"पानिपत?"

"मला बी तसंच वाटलं आधी. पण नावाकडं बघू नकोस, पायाकडं बघ."

हा ब्लॉग कोल्हापूरच्या बाहेरची माणसंही वाचतात, म्हणून थोडं सांगतो. आमच्याकडं फुटबॉल पेठांचा असतो. पेठेची तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा, पण तिचीच फुटबॉलची टीम असते आणि सीझनभर गाव त्या टीमांवरून भांडतं. माझी निशाण तालीम. बबनदादा टीमचे मॅनेजर, तसं त्यांचं सायकलचं दुकान आहे. आमचा बचाव भिंतीसारखा आहे, गोलकीपर मांजरासारखा झेपावतो. पण पुढं बॉल गेला की तो उन्हात ठेवलेल्या बर्फासारखा कुठं जातो कळत नाही. गोलच होत नाहीत.

गेल्या सीझनला त्यासाठी दिल्लीहून नेगी नावाचा फॉरवर्ड आणला होता. सेमीफायनल नगारा तालमीबरोबर, म्हणजे आमच्या जन्माच्या वैऱ्यांबरोबर. मी इथं गुडगावात, त्यामुळं धाकट्या भावानं गॅलरीतनं मोबाईल वर धरला होता आणि मी कानाला लावून ऐकत होतो. मॅच संपायला आली, बरोबरी होती. पुढचं भावानं नंतर सांगितलं: उजवीकडनं क्रॉस आला, नेगीसमोर गोल उघडा, आणि त्यानं पाय उचलून बॉल खालनं जाऊ दिला. पाठीमागं आपला कोणीच नव्हता. पेनल्टीवर आम्ही हरलो. नेगी विकला गेला असं पेठेनं ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात दिल्लीचं तिकीट ठेवलं. पोचवायला कोणी गेलं नाही.

यंदा दादांनी सांगितलंय की बाहेरचा एकच माणूस घ्यायचा, आणि यंदाही पुढची फळी अशीच राहिली तर टीम दुसऱ्याच्या हातात द्यायची. तीस वर्षं त्या माणसानं मॅचच्या दिवशी दुकान बंद ठेवून टीम सांभाळली आहे. दिवाळीनंतर नावनोंदणी. म्हणजे तो एक माणूस चुकला तर दादा गेले. आणि तो माणूस निवडायचं काम नववीत शाळेला रामराम केलेल्या माझ्याकडं आलं, कारण दिल्लीत तालमीचा दुसरा कोणी नाही. मी सुपरवायझरकडं शनिवारची सुट्टी मागितली. तो म्हणाला, "रिश्तेदार बीमार है क्या?" मी म्हटलं, "टीम बीमार है." दिली त्यानं.

सोबतीला अल्ताफ आला. अल्ताफ आमच्याच गावचा, दिल्लीत राजेंद्र नगरला राहून यूपीएससीचा अभ्यास करतो. मला मराठीत टाइप करायला त्यानंच शिकवलं. माणूस सोन्यासारखा, पण नगारा तालमीचा. वैऱ्याला घेऊन फॉरवर्ड बघायला कोण जातं, असं म्हणाल. पण इकडं आल्यापासनं कोल्हापुरी बोलायला दुसरा माणूस मिळाला नव्हता.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगतो. गुडगावला सिकंदरपूरहून मेट्रो पकडायची, पिवळी लाइन, मध्ये बदलायची गरज नाही, थेट कश्मीरी गेट. मेट्रो आली नव्हती तेव्हा हाच प्रवास ब्लू लाइन बसमध्ये एका पायावर करायचो असं जुने फिटर सांगतात. आता एसीत बसून जातो, फक्त सकाळी ऑफिसवाल्यांच्या आधी निघायचं. कश्मीरी गेटला मेट्रोतून वर आलं की बसअड्डा समोरच. हरियाणा रोडवेजची गाडी दर थोड्या वेळानं सुटते, तिकीट शंभराच्या आत. एसीवाल्यांच्या दलालांकडं लक्ष देऊ नका. खिडकी धरा, डावी बाजू, सकाळी ऊन उजवीकडनं येतं.

अल्ताफ कश्मीरी गेटला मेट्रोच्या जिन्यावर भेटला तेव्हापासनं सुरू.

"संत्या, आधीच तुमचं पानिपत झालंय, आणि तू परत तिथनंच माणूस आणणार?"

"तू फक्त तोंड बंद ठेवून चल."

"मी कशाला बोलू? तुमच्या फॉरवर्डबद्दल आमची तालीम कधीच तक्रार करत नाही. फार चांगली पोरं असतात, अजिबात त्रास देत नाहीत."

मुरथलला सगळे ढाबे खिडकीतून गेले. लोण्याचे गोळे ठेवलेले पराठे लांबनंच बघितले, कारण आमच्या ड्रायव्हरला थांबायचं नव्हतं. ज्यांना ते खायचे असतील त्यांनी स्वतःची गाडी घ्या किंवा कंडक्टरशी आधी ओळख काढा. रस्ता मोठा गुळगुळीत आहे. दोन्ही बाजूला नवीन कॉलन्यांचे बोर्ड, हसऱ्या गोऱ्या कुटुंबांचे फोटो, आणि बोर्डाच्या मागं अजून भातच उभं. ते बघून मला आमच्या कंपनीचं काम दिसत होतं: इथं एवढे मजले होणार, एवढ्या लिफ्ट लागणार. अल्ताफला विचारलं काय दिसतंय, तर म्हणाला, "जमीन अधिग्रहण कायदा."

पानिपतला पुलाखाली उतरलो. स्टँडच्या बाहेर कचोरी आणि वर आंबट बटाट्याची भाजी, पोटभर झाली. मॅच दुपारची होती, म्हणून आधी काला अंबला, म्हणजे पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला गेलो. ऑटो करून गावाबाहेर जायचं, जायचं-यायचं भाडं एकदमच ठरवा, तिथनं परत ऑटो मिळत नाही. ऑटोवाल्यानं आमचं बोलणं ऐकून विचारलं, "महाराष्ट्र से? मराठे हो?" अल्ताफ म्हणाला, "ये मराठा है, मैं इनके तोपखाने में था." ऑटोवाला गंभीरपणे मान हलवत राहिला.

बाग स्वच्छ आहे. एक खांब, लोखंडी कुंपण, पाट्या. काळा पडलेला आंबा आता नाही, त्याची फक्त गोष्ट आहे. नाशिकचं एक कुटुंब आलं होतं. बायकोनं पाटी मोठ्यानं वाचली आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला. नवऱ्यानं मला विचारलं, "तुम्ही कुठले?"

"कोल्हापूर."

"दर्शनाला?"

"फॉरवर्ड बघायला," मी म्हटलं. त्याला काही कळलं नाही, तरी त्यानं "छान" म्हटलं.

मी तिथं थोडा वेळ उभा राहिलो. इतकी मोठी हार, आणि तिला भेटायला लोक इतक्या लांबनं डबे बांधून येतात. जिंकलेल्या लढायांच्या जागी मी कधी गेलोय का, आठवेना. पण हरलेल्याच्या नावानं नुसतं हळहळत बसायला मला जमत नाही. पुढच्या वेळी काय करायचं हे कोणीतरी सांगावं असं वाटतं. तिथं सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून निघालो.

मैदान एका शाळेच्या मागं होतं. गवत अर्ध्यात, अर्ध्यात धूळ. माणसं बरीच, बरेचसे म्हातारे खाटा घेऊनच आलेले. सोनूला ओळखायला वेळ लागला नाही. काटक, लांब पायांचा, बॉल दुसरीकडं असतानाही हा उगाच उभा राहत नव्हता. डिफेंडरच्या पाठीशी जाऊन थांबायचा, बॉल येताना दिसला की एक पाऊल मागं आणि मग एकदम आत. पहिल्या हाफमध्ये दोनदा असं केलं, एकदा बॉल दांडीला लागला. मी मनात आमची टीम मांडायला लागलो: मागनं आमचा सुभ्या लांब बॉल मारणार, सोनू आत घुसणार, आणि नगारावाल्यांचा तो जाडा स्टॉपर वळेपर्यंत जाळी हलणार. अल्ताफ गप्प होता. वैरी गप्प झाला की समजायचं माल चांगला आहे.

दुसऱ्या हाफला मी गोलच्या बाजूला रेषेजवळ जाऊन उभा राहिलो, पाय जवळनं बघायला. शून्य-शून्य चाललं होतं. डावीकडनं बॉल आला, जमिनीलगत, जोरात. सोनू बरोबर जागेवर, समोर नुसता गोलकीपर. मला राहवेना. मी ओरडलो, "सोड, सोनू, सोड!"

त्यानं पाय उचलला. बॉल पायाखालनं गेला, सरळ रेषेबाहेर.

मग खाटांवरनं शिव्या सुरू झाल्या. सोनूनं मागं वळून बघितलं, मागं कोणी नाही, मग माझ्याकडं बघितलं. त्यानंतर दहा मिनिटांत समोरच्यांनी गोल केला आणि सोनूची टीम हरली.

मॅच संपल्यावर तो सरळ माझ्याकडं आला. मागं त्याचा कोच, ज्याला सगळे मास्टरजी म्हणत होते.

"छोड़ किसने बोला था?"

"मैंने. मैंने सोड बोला."

"हाँ तो. छोड़ बोल्या, मन्ने छोड़ दी. मन्ने सोचा पीछे अपना आदमी सै."

मी म्हटलं, अरे, सोड म्हणजे मार. आमच्याकडं सोड म्हणजे पायात ठेवू नको, गोलवर हाण. मास्टरजी म्हणाले, "भाई, हमारे यहाँ छोड़ का मतलब छोड़ है. पीछे वाला बोलता है, आगे वाला छोड़ देता है. बच्चा भी जानता है."

अल्ताफ खो खो हसायला लागला. आणि हसता हसता थांबला. त्याचा चेहरा बघून मी विचारलं, काय झालं.

"संत्या," तो म्हणाला, "सेमीफायनलला मी सुट्टीला गावी होतो. आमच्या बाजूला बसलो होतो. तुमची गॅलरी त्या क्रॉसला काय ओरडत होती?"

मला कोणाला विचारायची गरज नव्हती. मी ते फोनवर ऐकलं होतं. आवाज इतका होता की मोबाईल फाटतोय असं वाटलं, पण शब्द एकच होता. पाच हजार माणसं एका सुरात म्हणत होती, सोड, सोड, सोड.

मी खाली बसलो, धुळीतच. मास्टरजींना वाटलं मला चक्कर आली, त्यांनी पाण्याची बाटली पुढं केली. मी त्यांना नेगीची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "नेगी? लंबा सा, गढ़वाली? वो तो मयूर विहार फेज थ्री में बच्चों को खिलाता है. रविवार को सुबह जाओ, पार्क में मिलेगा." सोनूला मी माझ्यामुळं हुकलेल्या गोलबद्दल हात जोडले. तो म्हणाला, "कोई बात ना, भाई. पर थारे यहाँ खेलने से पहले डिक्शनरी दे देना."

परतीच्या बसमध्ये अल्ताफनं दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाला, "हे मी आमच्या तालमीला सांगितलं तर पुढच्या सीझनला तुमच्या फॉरवर्डला बॉल आला की आमची अख्खी गॅलरी छोड ओरडेल."

"सांगशील?"

"सांगणार नाही," तो म्हणाला. "पण हे जिंकणं आम्हाला मिळालं ते असं मिळालं, हे आता मला माहीत झालं ना. वाईट केलंस गड्या." राजेंद्र नगरला त्याच्या खोलीत झोपलो. मेसमध्ये पोळी, वरण, मटकीची उसळ. मराठी मेस तिथं चार-पाच आहेत, पाहुण्यालाही ताट मिळतं, फक्त उशीर करू नका.

सकाळी राजेंद्र प्लेसहून निळी लाइन घेऊन मयूर विहारला उतरलो. तिथनं फेज थ्री लांब आहे, शेअरची रिक्षा मिळते. सगळीकडं चार मजली फ्लॅट, लिफ्ट नाही, गॅलऱ्यांत कपडे आणि कुंड्या. दोन ब्लॉकच्या मधल्या पार्कात नेगी होता. गळ्यात शिट्टी, भोवती पंधरा-वीस लहान मुलं. आम्ही मराठीत काहीतरी बोललो आणि त्याची मान वळली.

"कोल्हापूर?" त्यानं विचारलं.

मी हो म्हटलं आणि निशाण तालमीचं नाव घेतलं. तो शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. मी एका दमात सगळं सांगितलं, पानिपत, सोनू, सोड. त्यानं मुलांना दोन राउंड मारायला पाठवलं.

"सब बोल रहे थे छोड़," तो म्हणाला. "पूरा स्टेडियम. मैंने सोचा इतने लोग बोल रहे हैं तो पीछे ज़रूर कोई होगा."

"फिर बताया क्यों नहीं किसी को?"

"किस भाषा में बताता, भैया? और सुनता कौन? मेरा सामान तो कमरे से बाहर रखा था."

अल्ताफनं जाऊन कोपऱ्यावरनं राजमा-चावलच्या तीन प्लेटी आणल्या. नेगी खाता खाता आमच्याच टीमबद्दल बोलायला लागला, आणि असं बोलला की मी लिहून घ्यायला हवं होतं. म्हणाला, तुमच्या पुढच्या फळीत खोट नाही, खोट तिच्या मागं आहे. सुभ्या पन्नास यार्डांवरनं हवेत बॉल मारतो, फॉरवर्डला डोकं वर करून धावावं लागतं, मग गोल कुठं दिसणार. मधल्या दोघांनी बॉल जमिनीवर आणला तर आहेत तीच पोरं गोल करतील. सोनूबद्दल विचारलं तर म्हणाला, पोरगा चांगला आहे, पण एक वर्ष थांबा, तुमच्या गॅलरीपुढं आत्ता उभा केला तर मोडेल.

मी आडवळणानं बोलायच्या फंदात पडलो नाही. सरळ विचारलं. "आप आओगे?"

"तुम बुला रहे हो," नेगी म्हणाला. "तुम अच्छे आदमी हो. पर निकाला तो उन्होंने था." मग माझ्या मोबाईलवर स्वतःचा नंबर टाकून दिला आणि मुलांकडं शिट्टी मारून उठला. "वो बुलाएँ. और ये भी बोलें कि मैं बिका नहीं था. फ़ोन पर ही सही."

गुडगावला खोलीवर आलो. चक्करपूरची खोली तशीच, पंखा तसाच. प्रवास म्हणून बघितलं तर दोन दिवस, खर्च किरकोळ, आणि काला अंब प्रत्येक मराठी माणसानं एकदा बघावं असं आहे. पण ज्यासाठी गेलो ते अजून हातात नव्हतं. दोन फॉरवर्ड बघितले, जागा एक. सोनूचं ते एक पाऊल मागं घेऊन आत शिरणं डोळ्यांपुढून जात नाही. पण आमच्या गॅलरीतले पाच हजार आवाज कोणी सोसले आहेत, तर ते नेगीनं, आणि आमची मधली फळी कुठं चुकते हे त्याला आमच्यापेक्षा जास्त कळतं. माझं ठरलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत दादांना फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडं दुकानात कोणीतरी ट्यूब फुगवत होतं, त्याचा पंप तेवढा ऐकू येत होता.

"म्हणजे आपणच," दादा म्हणाले.

"आपणच, दादा."

"आता पेठेला काय सांगू मी? तुम्ही बोंबललासा म्हणून हरलो म्हणून?"

"तसंच सांगायचं. आणि नेगीला तुम्ही फोन करायचा. तालमीत बसून, चार माणसांसमोर."

"संत्या, दीडशे वर्षांत तालमीनं कुणाची माफी मागितलेली न्हाई."

"मग गोल पण मागू नका."

पंप थांबला. मला वाटलं दादांनी फोन ठेवला. इकडं सुपरवायझर शाफ्टच्या तोंडाशी येऊन घड्याळ दाखवत होता. मी त्याला हातानं थांब म्हटलं.

"हिंदीत विकला न्हाई कसं म्हणायचं?" दादांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं, दुसऱ्यांदा जरा बरं जमलं. मग म्हणाले, "नंबर दे." मी एकेक आकडा सावकाश सांगितला आणि शेवटपर्यंत त्यांच्याकडनं परत म्हणून घेतला.